समाजशास्त्र : सिलॅबसबाहेरचा एक पेपर

'समाजशास्त्र' हा शब्द आपल्या कॅन्टीनमध्ये उच्चारून बघा. साधारण तीन प्रकारची उत्तरं येतात. पहिलं : "म्हणजे समाजसेवा का? एनएसएससारखं काहीतरी?" दुसरं : "आर्ट्सवाल्यांचा विषय तो, आपला काय संबंध?" आणि तिसरं, जरा सिनिअर मंडळींचं : "यूपीएससीला ऑप्शनल घेतात ना, स्कोअरिंग आहे म्हणे!" मित्रमैत्रिणींनो, या तिन्ही उत्तरांच्या पलीकडे या विषयात बरंच काही आहे आणि त्यातलं बरंचसं आपल्या हॉस्टेलपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आहे, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

आधीच सांगते, मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी नाही. तुमच्यासारखीच सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल पूर्ण करणारी आहे. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठी लिहिताना मध्येच इंग्रजी शब्द डोकावतील, तेवढे सांभाळून घ्या. पण घर परळला. परळ-लालबागमध्ये वाढलेल्या माणसाला हा विषय पुस्तकात सापडण्याआधी गल्लीतच भेटतो. फक्त त्याला काय म्हणतात ते माहीत नसतं.

विषय आहे तरी काय?

माणसं एकत्र राहायला लागली की त्यांच्यात काही नियम, सवयी, उतरंडी आणि संस्था तयार होतात. त्यांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे समाजशास्त्र. गंमत अशी की यातले बरेचसे नियम कुठेच लिहिलेले नसतात. मेसमध्ये पंख्याखालच्या टेबलावर फर्स्ट इयरवाल्याने बसायचं नाही, असं कोणत्या नोटीस बोर्डवर लिहिलंय? तरी चार दिवसांत प्रत्येकाला ते कळतं. कोणी शिकवलं? का पाळलं जातं? आणि एखाद्याने नाही पाळलं तर त्याच्याकडे सगळे 'तसं' का बघतात? हे प्रश्न विचारायला लागलात की समजा पहिला धडा सुरू झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे, ज्या गोष्टी आपल्याला 'असतातच' वाटतात, त्या कधीतरी कोणीतरी घडवलेल्या असतात, हे समाजशास्त्र दाखवून देतं. आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचं उदाहरण घेऊ : रविवार! रविवारची सुट्टी ही जणू निसर्गनियमाने मिळते असंच आपण धरून चालतो. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती कोणी आपणहून दिली नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, सह्यांचे अर्ज केले, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८९० साली गिरणी मालकांच्या संघटनेने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याच्या सुट्टीची तरतूद आली. लोखंड्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं ते २००५ साली. तेव्हा येत्या रविवारी अकरापर्यंत लोळताना या माणसाची आठवण काढायला हरकत नाही.

आपलेच लोक!

आता "आपला काय संबंध" म्हणणाऱ्यांसाठी एक मजेदार माहिती. 'सोशिऑलॉजी' हे नाव रूढ केलं फ्रान्सच्या ऑगस्ट कॉम्तने, १८३० च्या दशकात. त्याआधी तो याच विषयाला 'सामाजिक भौतिकी' म्हणत होता, म्हणजे चक्क समाजाचं फिजिक्स! आणि तो शिकला कुठे? पॅरिसच्या इकोल पॉलिटेक्निकमध्ये. इंग्लंडचा हर्बर्ट स्पेन्सर तरुणपणी रेल्वेत सिव्हिल इंजिनीअर होता. कामगार कुटुंबांचे जमाखर्च घरोघरी जाऊन गोळा करणारा फ्रेडरिक ल प्ले हा खाणकामाचा इंजिनीअर. म्हणजे हा विषय उभा करणाऱ्यांमध्ये आपल्या बिरादरीची माणसं भरपूर होती.

याच ल प्लेच्या विचारांचा वारसा घेऊन पॅट्रिक गेडीस नावाचे गृहस्थ मुंबईत आले. मुळात जीवशास्त्रज्ञ, नंतर नगररचनाकार. १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, त्याचे हे पहिले प्राध्यापक. भारतातल्या अनेक शहरांचे आराखडे त्यांनी पायी फिरून तयार केले होते. जुनी वस्ती सरसकट पाडू नका, जिथे खरंच गरज आहे तिथेच हात लावा, असं त्यांचं सांगणं असे. पुनर्विकासाच्या बातम्या रोज वाचणाऱ्या आपल्याला हे शंभर वर्षांपूर्वीचं वाटतच नाही!

गेडीस यांच्यानंतर १९२४ साली विभागाची सूत्रं आली डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे. घुर्ये मूळचे मालवणचे, म्हणजे लालबाग-परळच्या निम्म्या घरांचे गाववाले म्हणायला हरकत नाही. भारतीय समाजशास्त्राची पायाभरणी करणाऱ्यांत त्यांचं नाव पहिल्या ओळीत घेतात. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास ही दोन मोठी नावं त्यांच्याच विद्यार्थ्यांची. आणि या सगळ्यांच्या आधी, १९१६ साली, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातल्या जातिव्यवस्थेवर निबंध वाचणारे पंचवीस वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं आमच्या परळच्या चाळीत काढली, नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं.

गेडीस यांनी वस्ती समजून घेण्यासाठी तीन शब्दांचं सूत्र वापरलं : जागा, काम, माणसं. आपणही तेच सूत्र हातात घेऊन गिरणगावात एक चक्कर मारू.

जागा

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. मग ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी असं करत चिमण्यांचं एक गावच वसलं. त्याचं नाव गिरणगाव. इथे माणसं आली रत्नागिरीहून, साताऱ्याहून, पुढे देशावरून आणि उत्तरेकडूनही. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या दर शंभर माणसांमागे साधारण ८४ माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती, आणि दर हजार पुरुषांमागे बायका साधारण ५२५. असं का? पुरुष एकटेच यायचे. बायको-मुलं गावाला शेती सांभाळायची. गिरणीच्या पगारात अख्खं कुटुंब मुंबईत ठेवणं परवडत नसे आणि आजारपण, बेकारी, म्हातारपण यांचा विमा म्हणजे गावचं घर. 'चाकरमानी' हा शब्द यातूनच घट्ट झाला. गणपतीला आणि शिमग्याला गाड्या भरभरून कोकणात का जातात, याचं अर्धं उत्तर या आकड्यांत आहे.

मग एकटे पुरुष राहायचे कुठे? गावकीच्या खोलीत. एका गावच्या वीस-पंचवीस जणांनी मिळून चाळीतली एक खोली घ्यायची, भाडं वाटून द्यायचं. पहिली पाळीवाले कामावर गेले की रातपाळीवाले त्याच जागेवर अंथरूण टाकायचे. प्रत्येकाची हक्काची मालमत्ता म्हणजे एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. थ्री सीटर रूममध्ये चौथा आला म्हणून रेक्टरकडे धावणाऱ्यांनी जरा विचार करावा!

पण समाजशास्त्र इथे "किती हाल!" एवढं म्हणून थांबत नाही. ते विचारतं, एकाच गावची माणसं एकत्र का? कारण गिरणीत भरती मुकादमाच्या म्हणजे जॉबरच्या हातात होती. ओळखीशिवाय दाराच्या आत पाय ठेवता येत नसे. गावचा माणूस आधी खात्यात असला की तो पुढच्याला लावून घ्यायचा. नव्याने आलेल्याला अंथरुणापुरती जागा आणि काम लागेपर्यंत जेवण, हे खोलीने बघायचं. याला आज 'सामाजिक भांडवल' म्हणतात. आपल्या प्लेसमेंटच्या भाषेत 'रेफरन्स'! पण त्याच खोलीची दुसरी बाजूही होती. गावातली जात खोलीतही यायची. कोणाच्या खोलीत कोण राहू शकतो हे बहुतेक वेळा गावातच ठरलेलं असे. म्हणजे आतल्या माणसाला जो आधार, तीच बाहेरच्या माणसाला भिंत. आपल्याकडेही लातूरवाल्यांचा ग्रुप, कोल्हापूरवाल्यांचा ग्रुप, मुंबईच्या लोकल पब्लिकचा ग्रुप असतो. सिनिअरच्या नोट्स कोणाला आपोआप मिळतात आणि कोणाला झेरॉक्सवाल्याकडे शोधाव्या लागतात, ते एकदा बघा.

आणि या एकट्या पुरुषांना जेवायला कोण घालायचं? आसपासच्या चाळींतल्या बायका. दहा-दहा, वीस-वीस माणसांची खानावळ दहा बाय बाराच्या खोलीत, चूल किंवा स्टोव्हवर. जेवण उधारीवर, हिशोब पगाराला. धान्यासाठी सावकाराकडून पैसे काढायचे आणि त्याचं व्याज भरत राहायचं. गिरण्यांच्या इतिहासात उत्पादनाचे आकडे मिळतात, पण या बायकांचं राबणं बरीच वर्षं 'काम' म्हणून मोजलंच गेलं नाही, कारण ते घरात होतं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि बँकेची छोटी कर्जं मिळवण्याची वाट उघडली. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तो लिज्जत पापड. जे रोज डोळ्यांसमोर असतं पण मोजलं जात नाही, ते मोजायला लावणं हेही या शास्त्राचं एक मोठं काम. आपल्या मेसच्या मावशी किती वाजता उठतात, ठाऊक आहे का कोणाला?

काम

आता आपल्या विषयाजवळ येऊ : मशीन. मशीन बिचारं निर्जीव, त्याला कसली जात आणि कसला धर्म, असं आपल्याला वाटतं. गिरणीतल्या धोट्याची गोष्ट ऐका.

कापड विणताना उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन जो इकडून तिकडे पळतो तो धोटा, म्हणजे शटल. त्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि तिच्या धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. जुन्या मागांवर हे टोक काढायची सगळ्यात झटपट पद्धत म्हणजे भोकाला तोंड लावून धागा ओढून घेणं. एकच धोटा एका पाळीत एकाने आणि दुसऱ्या पाळीत दुसऱ्याने असाच तोंडाला लावायचा. झालं! जिथे शिवलेलं पाणी चालत नव्हतं, तिथे उष्टा धोटा कसा चालणार? परिणाम असा की साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, दलित कामगारांना शिरकाव नव्हता. ते रिंग खात्यासारख्या कमी पगाराच्या खात्यांत अडकून राहिले. साचेवाल्याचा पगार त्यांच्यापेक्षा बराच जास्त. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला : कामगारांच्या मागण्यांमध्ये ही मागणीही असली पाहिजे.

आता इंजिनीअरच्या नजरेने बघा. तोंड न लावता धागा ओवता येईल असे धोटे जगात तोवर आलेले होते. म्हणजे अडचण तांत्रिक नव्हती. एक छोटंसं भोक, त्याची एक कामचलाऊ पद्धत, आणि समाजातली उतरंड बरोबर त्या भोकातून कारखान्यात शिरली! ड्रॉईंगवर हे कुठे दिसतं? प्लॅनमध्ये नाही, एलिव्हेशनमध्ये नाही, सेक्शनमध्येही नाही.

अजून एक उदाहरण. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे आले. आपण म्हणू, वा, प्रगती! पण त्याआधी दिवसाच्या उजेडावर कामाचे तास अवलंबून होते. दिवे आल्यावर मालकांनी दिवस लांबवला आणि कित्येक गिरण्यांत चौदा-चौदा तास काम सुरू झालं. कामगारांनी त्याविरुद्ध संप केले. दिव्याने उजेड दिला हे खरं, पण तो उजेड कोणाच्या उपयोगाचा हे दिव्याने ठरवलं नाही. उद्या आपण जे ॲप, जो सेन्सर, जो अल्गोरिदम बनवणार आहोत, त्यालाही हे लागू आहे. रात्री अकरा वाजता हॉस्टेलच्या गेटवर बिर्याणी घेऊन येणाऱ्या मुलाचे कामाचे तास कोण ठरवतं? मोबाइलवरचं एक सॉफ्टवेअर. ते आपल्यासारख्याच कोणीतरी लिहिलंय.

माणसं

आता तिसरा शब्द, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या साठाहून अधिक गिरण्यांतले जवळपास अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप आजपर्यंत अधिकृतपणे मागे घेतलेला नाही. त्या अडीच लाखांत माझे आजोबा एक. लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. संपानंतर त्यांना परत घेतलं नाही. पुढे वीस वर्षं त्यांनी एका बिल्डिंगवर वॉचमनगिरी केली. आजीने घरी मसाले कुटून विकले. बाबा तेव्हा दहा वर्षांचे होते, त्यांच्या थोरल्या भावाची शाळा त्याच वर्षी सुटली ती सुटलीच.

आमच्या घरात या सगळ्याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण होतं : आजोबांचा हट्ट. काही जण गुपचूप कामावर गेले, हे गेले नाहीत. आजोबाही तेच म्हणायचे, "माझाच चुकला. तेव्हा घरच्यांचा आयकला आसता तर पोरा शिकली आसती." मी लहानपणापासून हे वाक्य ऐकत आले.

आता सी. राइट मिल्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा एक विचार सांगते. (हो, नाव मिल्सच आहे, पण त्यांचा गिरण्यांशी संबंध नाही!) 'द सोशिऑलॉजिकल इमॅजिनेशन' हे त्यांचं १९५९ सालचं पुस्तक. ते म्हणतात, माणसाची वैयक्तिक अडचण आणि समाजाचा प्रश्न यांत फरक करायला शिका. एका शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचं कौशल्य, त्याचा स्वभाव तपासा. पण लाखो माणसं एकदम बेकार असतील, तर एकेकाचा स्वभाव तपासून उत्तर मिळणार नाही, सगळ्या व्यवस्थेकडेच बघावं लागेल. आपल्या भाषेत सांगायचं तर, एक बेअरिंग निकामी झालं तर ते बेअरिंग बदला. पण अख्खी बॅच एकाच ठिकाणी तुटत असेल, तर प्रत्येक बेअरिंगला दोष देण्यात काय अर्थ आहे? लोड बघा, अलाइनमेंट बघा, डिझाइन बघा.

हे वाचल्यावर एका संध्याकाळी मी आजोबांना विचारलं, "आजोबा, तुमच्या गावकीच्या खोलीत तेव्हा किती जण होते?" त्यांनी बोटांवर मोजले. नावानिशी, वाडीनिशी. अठरा. "त्यातले संपानंतर गिरणीत कायमचे परत किती लागले?" पुन्हा मोजले. तीन. बाकीचे? कोणी गावाला गेला, कोणी भाजीची गाडी लावली, दोघांना दारूने खाल्लं. मी म्हटलं, "मग पंधरा जणांचा हट्ट एकाच वेळी कसा काय झाला?" आजोबा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "सगळेच कशे चुकतीत गो?"

त्यानंतर मी जमेल तेवढं वाचलं आणि अलाइनमेंट दिसायला लागली. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार कापड धंद्यात वाटाघाटीचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला होता. तो होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आणि संपकरी उभे होते डॉ. सामंतांच्या मागे. म्हणजे ज्यांच्या मागे कामगार, त्यांना टेबलावर खुर्ची नाही. कापड धंदा यंत्रमागांकडे, भिवंडी-मालेगावकडे सरकत होता. गिरण्यांची मशीन जुनी झाली होती, नवी घालायला मालक तयार नव्हते. आणि गिरण्यांखालची जमीन? ती दिवसेंदिवस सोन्याची होत होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनी काही अटींवर विकसित करायची वाट उघडली. २००१ मध्ये नियम असे बदलले की शहराला मोकळ्या जागांसाठी आणि घरांसाठी मिळणारा वाटा खूपच कमी झाला. त्याविरुद्धची लढाई २००६ साली सर्वोच्च न्यायालयात संपली आणि बदललेला नियम कायम राहिला. लोअर परळच्या ज्या मॉलमध्ये आपण सिनेमा बघायला जातो, ती फिनिक्स गिरणीची जागा.

या सगळ्यात नेत्यांचे, मालकांचे, सरकारचे निर्णय चुकले की बरोबर, यावर आजही वाद होतात आणि व्हायला हवेत. पण परळच्या एका खोलीतला एक साचेवाला हे सगळं एकट्याच्या हट्टाने घडवू शकत नव्हता, एवढं तरी नक्की. आजोबांची नोकरी परत आली नाही, येणारही नव्हती. मात्र घरातलं ते वाक्य आता क्वचितच ऐकू येतं. माझ्या दृष्टीने समाजशास्त्राचा हा सगळ्यात मोठा 'उपयोग'.

मग आपलं काय?

आता कॅम्पसवर परत या. माझ्या बाबांनी मला कॉन्व्हेंटमध्ये का घातलं? मराठीवरचं प्रेम कमी म्हणून? मुळीच नाही. गिरणीचं दार बंद होताना पाहिलेल्या मुलाला वाटलं, इंग्रजीचं दार तरी बंद होणार नाही. परळ-दादरच्या मराठी शाळांचे वर्ग ओस पडले, त्यामागे असे हजारो बाबा आहेत. प्रत्येकाचा निर्णय खाजगी, पण सगळ्यांचा मिळून झालेला परिणाम सार्वजनिक.

त्याचा फायदा मला रोज मिळतो. व्हायव्हाला मी अर्धवट येणारं उत्तरही बिनधास्त इंग्रजीत ठोकून देते. मराठी माध्यमातून आलेला माझा लॅब पार्टनर, ज्याच्याकडून मी तो प्रयोग शिकले, तो वाक्य जुळवत बसतो. मार्क कोणाला जास्त पडतात, ते सांगायला नको. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हणतो. भाषा, उच्चार, बोलण्याची ढब हे घरातून आणि शाळेतून मिळालेलं भांडवल असतं, पण परीक्षेत ते 'हुशारी' म्हणून मोजलं जातं. माझा पार्टनर समजतो की तो स्वतःच कमी पडतो. एका बेअरिंगची गोष्ट आठवा, आणि मग मराठी माध्यमाच्या किती जणांना असंच वाटतं ते विचारून बघा.

सिव्हिलवाल्यांसाठी एक खास प्रश्न. चाळीत समोर कॉमन गॅलरी असते, नळ कॉमन, संडास कॉमन. भांडणं भरपूर, प्रायव्हसी शून्य. पण कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही हे गॅलरीत कळतं. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो अशाच सामायिक अंगणात. चाळ पाडून टॉवर झाला की स्वतःचा संडास मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. त्याचं मोल चाळीतल्या बाईला विचारा. पण गॅलरी जाते आणि लिफ्ट येते. लिफ्टमध्ये सगळे वर आकड्यांकडे बघतात. दोन्ही गोष्टी एकत्र देणारा प्लॅन काढता येईल का? हा प्रश्न स्ट्रक्चरचाही आहे आणि समाजशास्त्राचाही.

एक शंका नेहमी येते : सगळं व्यवस्थेवर ढकललं की माणूस मोकळा, असं नाही का? केटी लागली की "सर, ही माझी वैयक्तिक अडचण नाही, सामाजिक प्रश्न आहे!" बाबांनो, नाही. आख्खा वर्ग पास होऊन तुम्ही एकटेच राहिलात तर अभ्यास करा! समाजशास्त्र जबाबदारी पुसत नाही, ती नीट वाटून दाखवतं. कुठला भाग माझा, कुठला व्यवस्थेचा, हे पुराव्यानिशी सांगतं. आणि हा पुरावा आपल्या लॅबमधल्यापेक्षा अवघड असतो, कारण स्टीलचा रॉड आपल्यावरचा रिपोर्ट वाचून वागणं बदलत नाही. माणूस बदलतो.

सुरुवात कशी करायची? यासाठी पुस्तकांआधी कान लागतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या शंभर माणसांचे आवाज ऐकून एक पुस्तक केलं, ते २००४ साली आलं. लायब्ररीत मागणी तरी करा. तोवर एक साधा प्रयोग : एक आठवडा मेसमध्ये कोण कोणाबरोबर बसतं याची नोंद ठेवा. नावं नकोत, ब्रँच, वर्ष, गाव, माध्यम एवढंच. आठवड्याच्या शेवटी टेबल काढा, पॅटर्न दिसतो का बघा. मग तीन प्रश्न विचारा : हे कधीपासून असं आहे? यात कोणाची सोय होते? आणि कोणाला उभं राहून जेवावं लागतं? तिसऱ्याचं उत्तर सापडलं, तर दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावर थोडं सरकून बसा. तेवढी जागा बहुतेक असते.